भावकू कंडक्टरचा नातू मुतेना

भावकू गुंजीकर नोकरीतून उतरला त्याला बरीच वर्षं झाली, तरी बेळगावच्या अनगोळात त्याला अजून कंडक्टरच म्हणतात. 'कंडक्टर' म्हटलं की तो वळतो. 'गुंजीकर' म्हटलं तर मागं दुसरं कोण उभं आहे ते बघतो. बेळगाव ते निपाणी आणि निपाणी ते बेळगाव एवढंच जग त्यानं नोकरीभर पाहिलं. तेवढं पुरे, असं त्याचं मत. जगातली सगळी माणसं एकदा तरी त्या गाडीत चढतात आणि चढली की सारखीच वागतात, हे त्याचं तत्त्वज्ञान.

त्याला बसता येत नाही. जेवायला बसतो तेही एक गुडघा वर करून, आता कुणीतरी घंटी मारेल आणि उठावं लागेल अशा बेतानं. लग्नाला गेला की मांडवाच्या तोंडाशी उभा राहून लोकांना आत सारतो. "मुंदक होग्री, मुंदक होग्री! पुढं सरका, मागं माणसं हाईत." एकदा त्यानं असं नवरीच्या बापालाच पंगतीत नेऊन बसवलं होतं. मयताला गेला तरी तिरडीमागं रेंगाळणाऱ्यांना पुढं घेतो.

पण त्याचा खरा अभिमान वेगळ्याच अवयवाचा होता.

स्टँडवर गाडी थांबली की सगळे प्रवासी उतरून मोकळे होत. ड्रायव्हर मोकळा होई. कंडक्टर मात्र कंट्रोलरच्या खिडकीशी नोंद करत उभा, आणि नोंद होईतो मागच्या गाडीचा हॉर्न वाजायला लागलेला. नोकरीच्या पहिल्याच वर्षात भावकूनं यावर उपाय काढला. ड्युटीवर पाणी प्यायचं नाही, म्हणजे पुढची भानगड नाही. मग उपायाचा त्यानं पराक्रम केला. "बेळगावात चढलो की निपाणी डेपो. मधी एक थेंब न्हाय. ना आत, ना भाईर." हे तो छाती ठोकून सांगायचा. सांगताना दुसरंच काही ठोकायला हवं होतं, पण ते चारचौघांत बरं दिसत नाही.

आता त्या पराक्रमाची परतफेड चालली होती. सध्या तो घरातल्या घरात इतक्या वेळा मागच्या दाराला जायचा की बायको मालुबाई म्हणायची, "तितंच खाट टाकून देऊ काय?"

त्याच्या पराक्रमावर अजूनही शंभर टक्के विश्वास ठेवणारा माणूस जगात एकच उरला होता. तो पाच वर्षांचा होता. त्याचं नाव समर्थ. टीव्हीचा बिघडलेला रिमोट हे त्याचं तिकिटाचं मशीन, आणि आज्जा हा त्याचा देव.

तर या समर्थला ताप आला.

आदल्या संध्याकाळी अंग कोमट होतं, सकाळी भाजायला लागलं. मालुबाई भावाच्या वास्तुशांतीला खानापूरला गेलेली. मुलगा स्वरूप भाजीची गाडी घेऊन गोव्याला. सून दिपाली पोराला स्कूटीवर पुढं उभं करून डॉक्टरीण बाईंकडं घेऊन गेली. बाईंनी घसा बघितला, छाती बघितली. व्हायरल आहे म्हणाल्या, औषध लिहून दिलं. कोमट पाण्यानं अंग पुसा, गोधड्या गुंडाळू नका, पाजत राहा. उठता उठता त्यांनी विचारलं, "लघवी कधी झाली शेवटची?"

दिपालीनं आठवून पाहिलं. रात्री झोपताना.

"मग आज लक्ष ठेवा. पाणी पोटात गेलं पाहिजे. दुपारपर्यंत लघवी झाली नाही तर मला फोन करा. पोर मलूल पडलं तर फोनही करू नका, सरळ घेऊन या. ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल."

दिपाली उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब बघते. महिनाअखेर होती आणि रजा संपलेल्या होत्या. घरी येऊन तिनं औषध, थर्मामीटर, जलसंजीवनीची पाकिटं टेबलावर मांडली आणि सासऱ्याकडं बघत राहिली. बघण्याला कारण होतं. मागल्या हिवाळ्यात पोराला सर्दी असताना भावकूनं त्याला सीबीटी स्टँडवर गाड्या दाखवायला नेलं होतं आणि मिरचीभजी, त्यावर आइस्क्रीम असा उपचार केला होता. चार दिवस पोर खोकत होतं. तेव्हापासून निपाणीची विहीण, मंगल, लेकीच्या मागं लागली होती: पोराला माझ्याकडं ठेव, इथं शाळा चांगली, घर शिस्तीचं. दिपाली अजून हो म्हणाली नव्हती. नाहीही म्हणाली नव्हती. पोर निपाणीला गेलं तर आपल्या दिवसाला काय उरेल हा विचार भावकू करत नसे. तो तेवढ्यापुरता मागच्या दाराला जाऊन यायचा.

"मामा, जमेल?" दिपालीनं विचारलं.

"तू जा गं बिनघोर. मी हाय की."

"तेच म्हणते," दिपाली म्हणाली आणि गेली.

समर्थला खाटेवर ठेवणं हे पहिलं काम. अंगात ताप असूनही पोर उड्या मारत होतं, खाली उतरत होतं, फरशी गार लागते म्हणून तिच्यावर पालथं पडत होतं. भावकूनं दोनदा उचलून ठेवलं, दोनदा ते घसरून खाली आलं. मग त्याला युक्ती सुचली. त्यानं खिळ्यावरची शिट्टी काढली, खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि ओरडला, "निपाणीऽऽ बेळगाव! चला चढा चढा! कंडक्टर कोन हाय आज?"

"मी!" समर्थ रिमोट घेऊन खाटेवर.

"मग ऐक. गाडी सुटली की डेपो येईपर्यंत खाली पाय टाकायचा न्हाय. कंडक्टर कोण?"

"मी."

"कंडक्टर मधी उतरतो काय?"

"न्हाय."

"राइऽऽट!" भावकूनं शिट्टी मारली.

पोर खाटेवर मांडी घालून बसलं ते बसलंच. भावकू स्वतःवर इतका खूश झाला की त्यानं आपण होऊन दिपालीला फोन केला. "लेकरू हालंना सुद्धा. काय ते म्हनतीस तू."

सगळी गफलत इथंच झाली होती आणि ती करून तो शाबासकी मागत होता. पोराला मुतवायचं होतं आणि ह्यानं त्याला ड्युटीवर चढवलं होतं. पण माणसाला आपल्या बढाया लक्षात राहत नाहीत. ज्याला सांगितल्या त्याच्या राहतात.

दिपालीचा पहिला फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मामा, शू झाली का त्याला?"

"हुईल की."

"पाणी?"

"द्यालोय."

देत होता, हे खरं. संजीवनीचं पाणी केलं. समर्थनं तोंड फिरवलं. शहाळं आणलं, त्यानं ओठ मिटले. लिंबू-साखर, ताक, तांदळाची पेज. पेजेची वाटी तोंडाशी नेली तर पोरानं अशा नजरेनं बघितलं, जणू त्याला कुणी लाच देतंय.

"का रं, नको?"

समर्थनं नुसती मान हलवली. आज्जा परीक्षा बघतोय हे त्याला कळत होतं. आज्जाला पास होऊन दाखवायचं होतं.

दुसऱ्या फोनला दिपाली म्हणाली, "लघवी झाली?" तिच्या मागं कुणीतरी बिलाचे आकडे ओरडून सांगत होतं. भावकू म्हणाला, "अजून न्हाय." तिसऱ्या फोनला ती जिना उतरून बाहेर आली असावी, कारण आवाज मोकळा होता. "मामा, मुतला का नाही?"

"न्हाय गं."

मग ती म्हणाली, "डॉक्टरीण बाईंचा फोन लागत नाही. आईला सांगितलंय मी. ती तुम्हाला फोन करेल."

मंगलचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी तिच्या घराचं छत, मग पंखा, मग अर्धं कपाळ, मग मंगल. निपाणीत तिनं तीन पोरी वाढवल्या होत्या आणि तिन्ही वेळेवर उठत.

"काय करालाय पावणं? पोराचं तोंड दाखवा बगू. अगं बाई, व्हट बगा कसं वाळल्यात. काय पाजलासा?"

"सगळं पाजून झालं विहीणबाई. पितच न्हाय."

"पीत न्हाय म्हंजे? पोर हाय का कलेक्टर? पोटावर गार पट्टी ठिवा. आनि नळ सोडा. पान्याचा आवाज कानावर पडला की आपसूक हुतंय."

नळाला त्या दिवशी पाणी नव्हतं. त्या भागात त्याचे दिवस ठरलेले. पण विहिणीसमोर हार मानायची नाही म्हणून भावकूनं बादली खाटेशी आणली आणि तांब्या भरून उंचावरून धार धरली. एकदा, दोनदा. समर्थ शांतपणे बघत होता. तिसऱ्या तांब्याला भावकूचाच धीर सुटला. तांब्या बादलीत सोडून तो मागच्या दाराला पळाला. परत आला तर मंगल पडद्यातून तशीच बघत होती.

"कोन गेलतं?" तिनं विचारलं.

"मी."

"शोभतंय," मंगल म्हणाली. "मी येते. दुपारची गाडी धरते. पोराची कापडं भरून ठिवा, बरा झाला की संगट घिऊन जानार हाय मी. लई झालं आता."

फोन बंद झाला. भावकू उभा राहिला. घड्याळाकडं त्यानं बघितलं नाही. त्याला गरज नव्हती. ती आता पिशवी भरत असणार. आता रिक्षा. आता स्टँड. खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून कुणाशी तरी भांडण. त्या रस्त्यावरची कुठलीही गाडी कुठं असेल ते त्याच्या पोटऱ्यांना कळायचं. तवंदीचा घाट लागला की उजवा पाय आपोआप जड व्हायचा.

तो खाटेजवळ आला. समर्थ आता बसलेला नव्हता. उशीला टेकून पडला होता, रिमोट छातीवर. भावकूनं कोमट पाण्यात फडकं पिळून त्याचं अंग पुसलं. काख, मान, गुडघ्यामागं. फडकं लगेच गरम होत होतं. औषध दिलं ते त्यानं गिळलं, कारण औषध म्हणजे पाणी नव्हे. त्यावर पाण्याचा घोट दिला तो त्यानं तोंडात धरून ठेवला आणि आज्जा वळला तसा भिंतीवर सोडून दिला.

भावकूनं वडगावला फोन लावला. त्याच्या गाडीचा ड्रायव्हर आण्णाप्पा आता वडगावात लेकाच्या घरी राहतो. दिवसभर यंत्रमागाची खडखड ऐकत आणि ती इंजिनापेक्षा वाईट आहे म्हणत. नोकरीतली बहुतेक वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली, एकमेकांची पाठ बघत.

"आण्णाप्पा, ये. पोरगं मुतेना झालंय."

"म्हंजे मी येऊन काय करू? दाखवू काय कसं मुतायचं ते?"

"ये म्हनतोय न्हवं."

आण्णाप्पा स्कूटर घेऊन आला. आत येऊन त्यानं खाटेकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावरची थट्टा उतरली. तो खाली वाकला. ड्रायव्हरला आयुष्यभर समोर बघायची सवय. त्यामुळं तो सरळच विचारतो.

"काय रं समर्थ, का मुतत न्हाईस?"

समर्थनं डोळे अर्धे उघडले. "ड्युटीवर हाय."

"काय?"

"ड्युटीवर पानी न्हाय. थेंब न्हाय." पोर दमून थांबलं. "ना आत, ना भाईर."

आण्णाप्पा हळूहळू सरळ झाला आणि भावकूकडं वळला. भावकू खाटेचा कठडा धरून उभा होता. त्याचे कान तापले होते, पोराहूनही जास्त.

"भावक्या," आण्णाप्पा म्हणाला, "गाढवा."

"गप."

"सगळ्या गावाला सांगून झालं, आता ह्याला सांगितलंस व्हय रं? आनि खरं तरी सांगायचं हुतंस. हत्तरगीच्या म्होरं झाडीत किती खेपा गाडी थांबवलीया मी तुज्यासाटी? टायर बघतो म्हनून उतरायचास. टायर!"

"पोरासमोर नको."

"पोरासमोरच पायजे!"

भावकूनं शिट्टी तोंडात घातली आणि जोरात मारली. "होल्डाऽऽन! आला डेपो. बेळगाव आलं, चला उतरा, इळीरी इळीरी."

समर्थनं मान न उचलता विचारलं, "काकती कुठं आली?"

दोघे एकमेकांकडं बघू लागले. थांब्यांची नावं पोराला ओळीनं पाठ होती आणि ती पाठ करून घेण्यात भावकूनं एक अख्खा उन्हाळा घालवला होता.

"संकेश्वरातच हाय गाडी," समर्थ म्हणाला.

मग काय करणार? आण्णाप्पानं स्वयंपाकघरातून पितळी ताट आणलं, खाटेच्या डोक्याशी स्टूल टाकून बसला आणि ताट फिरवायला लागला. तोंडानं इंजिन. भावकू पायथ्याशी उभा राहून घाईघाईनं थांबे सोडत चालला. "चला, हत्तरगी गेली. यमकनमर्डी गेली, नॉनस्टॉप हाय आज."

"थांबवा," समर्थ म्हणाला. "लोक हात करालेत."

"राहू दे रं त्यास्नी. मागनं दुसरी गाडी हाय."

"म्हातारी हाय एक," समर्थ म्हणाला. त्याचे डोळे मिटलेले होते. "तिला चढू दे."

आण्णाप्पानं ताट फिरवायचं थांबवलं. म्हातारी चढायला बराच वेळ लागला. समर्थच्या ओठांच्या कडांना पांढरं आलं होतं. भावकूनं त्याच्या पोटावर हात ठेवला, तसं पोर आखडलं आणि गप्पच पडून राहिलं. त्याला कुठंतरी दुखत होतं आणि तो सांगत नव्हता. पाच वर्षांचं पोर दुखतंय म्हणून सांगत नाही, हे भावकूनं पहिल्यांदाच बघितलं.

"आण्णाप्पा, स्कूटर काढ. दवाखान्याला."

"चल."

भावकूनं दोन्ही हात पोराखाली घातले. समर्थनं खाटेचा गज पकडला. तापल्या, बारक्या बोटांनी पकडला, पण असा की सुटेना. "उतरायचं न्हाय. ड्युटी हाय. आज्जा, उतरायचं न्हाय."

"सोड रं राजा."

"न्हाय."

भावकू तसाच वाकलेला राहिला. कमरेत कळ होती, पोराचा श्वास गळ्यावर वाफेसारखा लागत होता. आणि त्याला संकेश्वर आठवलं.

ही गोष्ट त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती. तिच्यात पराक्रम नव्हता. तो तरुण होता. गाडी संकेश्वर स्टँडला लागली तर कंट्रोलर खिडकीतून बाहेर आला. कंट्रोलर कधी बाहेर येत नाही. म्हणाला, गावाकडनं निरोप हाय, आई गेली तुमची. भावकू म्हणाला, बरं, आणि नोंद करायला वही पुढं ओढली. तेव्हा कुठल्याशा दुसऱ्या गाडीचा एक कंडक्टर आला. त्यानं काही न बोलता भावकूच्या खांद्यावरची बॅग काढून आपल्या खांद्यावर घातली, तिकिटांचा ट्रे घेतला आणि म्हणाला, "जा, बस." भावकू आपल्याच गाडीत पहिल्यांदा बसला. खिडकीशी. प्रवासी झाला. आणि मग संकेश्वर ते काकती तो हमसून हमसून रडला. शेजारच्या बाईनं त्याला केळं दिलं. आण्णाप्पानं आरसा तेवढा बाजूला वळवला होता.

भावकूनं पोराखालचे हात काढले. शिट्टी गळ्यातून काढून खिळ्यावर अडकवली. खाटेच्या बाजूला गेला, नीट उभा राहिला.

"कंडक्टर," तो म्हणाला. "रिलीव्हर आलाय. चार्ज द्या."

समर्थनं डोळे उघडले. "कोन आलाय?"

"रिलीव्हर. दुसरा कंडक्टर. ड्युटी संपली तुमची, हितनं म्होरं मी. असतंय असं. मशीन द्या."

पोर बघत राहिलं. आज्जानं शिकवलेल्या कायद्यात हे कलम नव्हतं. त्यानं आण्णाप्पाकडं बघितलं. आण्णाप्पा ताट मांडीवर घेऊन म्हणाला, "खरं हाय. तुज्या आज्जालाबी आलता एकदा रिलीव्हर. संकेश्वरातच."

समर्थनं गज सोडला. रिमोट उचलून आज्जाच्या हातात दिला.

"आता मी कोन?"

"पॅसिंजर."

"पॅसिंजर म्हंजे?"

"पॅसिंजरला काय बी करता येतंय," भावकू म्हणाला. "झोपता येतंय. ओकता येतंय. पानी पिता येतंय. कंडक्टरला शिव्या देता येतात. गाडी कवाबी थांबवता येती. आनि रडता येतंय."

समर्थनं हे ऐकून घेतलं. मग त्याचा खालचा ओठ बाहेर आला, हनुवटी थरथरली आणि त्यानं भोकाड पसरलं. सकाळपासूनचं एकदम. "आज्जाऽऽ दुखालंय. लई दुखालंय. मुतायचंय मला!"

"होल्डान!" आण्णाप्पा ओरडला आणि ताट खाली पडलं.

भावकूनं पोराला उचललं आणि पळाला. न्हाणीपर्यंत जायला वेळ नव्हता. मागचं दार उघडंच होतं. दाराबाहेर दोन हात जागा, तिथं पपईचं झाड, पलीकडं बोळ. भावकूनं पोराला उंबऱ्यावर उभं धरलं, आण्णाप्पानं चड्डी खाली ओढली. क्षणभर काहीच नाही. दोघे म्हातारे श्वास रोखून बघताहेत, एखाद्या बंद पडलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये बघावं तसे. मग आली. आधी अडखळत, मग धार. गडद पिवळी धार. पपईच्या बुंध्याला लागून माती उडाली. भावकूला इतकं सुंदर काही बघितल्याचं आठवत नव्हतं.

"आलं रं आलं! आण्णाप्पा, बग! बग की!"

"बगालोय. मला काय आंधळा समजतोस?"

"थांबायचं न्हाय समर्था. चालू दे. राइट, राइट!"

पुढच्या दाराला आतून कडी होती आणि आतल्या गोंधळात कुणाला ठोठावलेलं ऐकू आलं नव्हतं. त्यामुळं मंगल बोळातून मागं आली. खांद्याला पिशवी, हातात छत्री, तोंडात तयार वाक्य. कोपऱ्यावरून वळली आणि थबकून दोन पावलं मागं सरली. धार अजून चालू होती. मंगल छत्री आडवी धरून ती संपायची वाट बघत उभी राहिली. निपाणीहून इतक्या लांब आलेल्या बाईचं असं स्वागत अनगोळात आधी झालेलं नसावं.

"आज्जी," समर्थ हुंदक्यातून म्हणाला, "मी पॅसिंजर हाय."

मग तो पाणी प्याला. तांब्याला तोंड लावून, हनुवटीवरून ओघळ सोडत. मंगल म्हणाली एकदम नको, घोट घोट. भावकूनं घोट घोट दिलं. संजीवनीचं अर्धं पाकीट संपलं तेव्हा स्कूटीचा आवाज आला. चौथ्या फोनला कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून दिपाली महिनाअखेर तशीच टाकून आली होती. हेल्मेट डोक्यावरच.

"झाली," तिघांनी एकदम सांगितलं.

ती खाटेवर बसली. कपाळाला हात लावला, ओठ बघितले, थर्मामीटर लावलं. ताप होता, पण सकाळइतका नव्हता. डॉक्टरीण बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाजत राहा, रात्री पुन्हा झाली पाहिजे, न झाल्यास या. मगच तिनं हेल्मेट काढलं. आणि मग विचारलं, "एवढा वेळ का नाही झाली?"

भावकूनं तोंड उघडलं. पण समर्थच्या अंगात आता पाणी होतं, त्यामुळं तोच बोलला. त्यानं सगळं सांगितलं. ड्युटी, डेपो, थेंब. 'ना आत, ना भाईर' हे वाक्य त्यानं छाती ठोकून म्हटलं, हुबेहूब.

आण्णाप्पा म्हणाला, "माजी स्कूटर उन्हात हाय," आणि गेला. ऊन केव्हाच उतरलं होतं.

"ऐकलंस?" मंगल म्हणाली. "ऐकलंस ह्यांची करणी? जलमाची वाट लावली असती पोराच्या. ताप उतरू दे, मी घिऊन जाते. बास. माज्या घरात असलं चालत न्हाय. सगळं टायमात. उठायचं टायमात, जेवायचं टायमात."

भावकू भिंतीला टेकून उभा होता. नेहमी त्याच्याजवळ उत्तर असे. गर्दीच्या गाडीत वाद घालून घालून जीभ तयार झालेली. आता त्यानं ती वापरली नाही. "खरं हाय त्यांचं," तो म्हणाला. "मीच केलं. मला कळलंच न्हाय गं."

दिपालीनं त्याच्याकडं बघितलं. या घरात आल्यापासून तिनं त्याच्या तोंडून हे वाक्य ऐकलं नव्हतं. मग ती आईकडं वळली.

"आई, मी चौथीत होते तोवर संडासला जायचं तर तुला विचारून जायची. आठवतंय?"

"मग? शिस्त नको?"

"शाळेत पण नाही जायची. घरी येईपर्यंत धरून ठेवायची. तुला विचारल्याशिवाय कसं जायचं म्हणून. ह्याला तरी निदान खेळ वाटला."

मंगलनं पिशवीतून केळी काढली, परत आत ठेवली. "असलं कवा सांगितलं न्हाईस ते," ती म्हणाली.

"कुणाला सांगणार? तुला?"

मंगल उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज थोडा जास्तच झाला. थोड्या वेळानं आतून विचारणा झाली, पेजेला तांदूळ कुठल्या डब्यात.

"निपाणीचं राहू दे," दिपाली हळू म्हणाली. आईला ऐकू जाईल आणि नाही, इतपत. "पण मामा, उद्या मला जायलाच लागणार. आई दोन दिवस राहील. तरी पाणी त्याला तुम्हीच द्यायचं. तुम्ही केलं, तुम्हीच मोडायचं. आणि दर वेळी आधी तुम्ही प्यायचं. त्याच्यासमोर. पूर्ण ग्लास."

"पूर्न?" भावकू म्हणाला. त्याला पुढचं सगळं दिसलं.

"पूर्ण."

तिनं दोन ग्लास भरून आणले. समर्थ उशीला टेकून आज्जाकडं बघत होता, विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेनं. भावकू खाटेच्या कडेला बसला. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, नीट. ग्लास तोंडाला लावला. पाणी गार होतं. पोराची नजर त्याच्या गळ्यावर होती. घोट गळ्यातून खाली उतरताना ती त्याच्याबरोबर उतरत होती आणि पुढच्या घोटासाठी परत वर येत होती. भावकूनं ग्लास संपवला आणि उलटा करून दाखवला.

समर्थनं थोडा विचार केला आणि हात पुढं केला.